तातेनोवरचा हिवाळी वारा

१९२६ साली जपानमध्ये एक अहवाल छापून निघाला. दोनशेहून जास्त पाने, आकडे आणि आलेख, आणि भाषा जपानी नाही, इंग्रजी किंवा जर्मनही नाही, तर एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा. शीर्षक 'रापोर्तो दे ला एरोलोगिया ऑब्सेर्वातोरियो दे तातेनो', अंक पहिला. लेखक वासाबुरो ओइशी. तोक्योच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतातल्या तातेनो इथे १९२० साली वरच्या हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा सुरू झाली, तिचे ते प्रमुख. मार्च १९२३ ते फेब्रुवारी १९२५ या दोन वर्षांत आकाशात सोडलेल्या फुग्यांचे १२८८ वेध या अहवालाचा आधार आहेत.  

जेट स्ट्रीमच्या, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या झोताच्या, इतिहासात या अहवालातली एक नोंद पुन्हा पुन्हा सांगितली जाते. २ डिसेंबर १९२४ ला तातेनोवर साधारण ९ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून सेकंदाला ७२ मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने, वारा वाहत होता. आकडा डोळे विस्फारायला लावणारा आहे. पण ओइशींचे श्रेय या एका आकड्यात शोधू नये असे मला वाटते. का, ते कळण्यासाठी हा आकडा हाती कसा येत होता हे आधी पाहायला हवे.

रबरी फुग्यात हायड्रोजन भरायचा, तो किती वजन उचलतो ते मोजायचे आणि सोडून द्यायचा. फुगा ठरावीक वेगाने चढतो असे धरायचे. जमिनीवर थिओडोलाइट लावलेला. त्याच्या दुर्बिणीतून फुगा नजरेत ठेवून ठरावीक वेळाने दोन कोन वाचायचे, एक क्षितिजापासूनच्या उंचीचा आणि दुसरा दिशेचा. वेळेवरून उंची, उंची आणि कोनांवरून फुगा कुठवर गेला ते, आणि दोन वेधांतल्या फरकावरून त्या थरातला वारा. सगळा मामला त्रिकोणमितीचा.

आता हेच जोराच्या वाऱ्यात करून पाहा. समजा, फुगा मिनिटाला २०० मीटर चढतो. ९ किलोमीटर गाठायला त्याला ४५ मिनिटे लागतील. वाटेत सरासरी सेकंदाला ३० मीटर वारा लागला, तर तोवर तो ८१ किलोमीटर लांब गेलेला असेल आणि क्षितिजापासून जेमतेम सहा अंशांवर दिसेल. इथे उंचीचा कोन वाचताना एक दशांश अंशाची चूक झाली, तरी फुग्याची जागा सुमारे १.३ किलोमीटरने सरकते. लागोपाठच्या दोन मिनिटांत अशी चूक झाली, तर वाऱ्याच्या वेगात सेकंदाला वीसेक मीटरची खोट येते. त्यात फुग्यातून थोडा वायू झिरपला, तर तो आपण धरतो त्यापेक्षा खालीच असतो आणि उंचीचा हिशेबही बिघडतो. म्हणून एका फुग्याचा एक आकडा, कितीही मोठा असला, तरी त्यावर शास्त्र उभे राहत नाही. ओइशी आधी जर्मनीत लिंडेनबर्गच्या वेधशाळेत हेच तंत्र पाहून आले होते. आपल्या आकड्याची किंमत किती, हे त्यांना नक्की ठाऊक असणार.

या नोंदी वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ढग आले की फुगा हरवतो, त्यामुळे नोंद होते ती निरभ्र दिवसाची. कांतोच्या मैदानात हिवाळा कोरडा आणि स्वच्छ असतो. सायबेरियाकडून आलेली हवा आपला बराचसा बाष्पभार डोंगरांपलीकडे, जपान समुद्राच्या बाजूला, हिमाच्या रूपाने टाकून येते. तातेनोतून हिवाळ्यात फुगा इतका उंच आणि इतका लांब दिसू शकला, त्यात या आकाशाचा वाटा आहे. पश्चिम युरोपातल्या ढगाळ हिवाळ्यात असे वेध मिळणे फार कठीण होते.

ओइशींनी शेकडो वेध ऋतूंप्रमाणे वेगळे केले आणि उंचीनुसार वाऱ्याची सरासरी काढली. हिवाळ्याच्या सरासरीत उंचीबरोबर पश्चिमेचा वारा वाढतच जातो आणि तपांबराच्या माथ्याजवळ प्रचंड होतो. उन्हाळ्यात त्याच जागी तो क्षीण असतो. माझ्या मते अहवालाचा खरा ऐवज हा आहे. एका दिवसाचा ७२ म्हणजे फार तर वादळ म्हणता येईल. सरासरीतही टिकणारा, थंडीत वाढणारा आणि उन्हाळ्यात ओसरणारा वारा मात्र वातावरणाच्या रचनेचा भाग असतो, आणि त्याचे कारण त्याच्या ऋतूतच दडलेले असते.

ते कारण असे. थंड हवा दाटलेली असते, गरम हवा फुगलेली. १००० हेक्टोपास्कल दाबापासून ५०० हेक्टोपास्कलपर्यंतचा हवेचा थर घेतला, तर त्याचे सरासरी तापमान १ अंशाने वाढले की तो सुमारे २० मीटरने जाड होतो. म्हणजे जमिनीवर दोन ठिकाणी दाब सारखा असला, तरी जसजसे वर जावे तसतसा गरम बाजूचा दाब थंड बाजूपेक्षा जास्त होत जातो, कारण गरम बाजूला तेवढ्याच उंचीच्या वर अजून जास्त हवा शिल्लक असते. दक्षिणेकडे गरम, उत्तरेकडे थंड अशी मांडणी असली, तर वरच्या हवेवर उत्तरेकडे ढकलणारा जोर येतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात चालती हवा उजवीकडे वळते. हे कोरिऑलिस बल आणि दाबाचा जोर यांचा तोल जिथे साधतो, तिथे वारा उत्तरेला न जाता पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहू लागतो. तापमानाचा उतार जितका तीव्र, तितका हा वारा उंचीबरोबर झपाट्याने वाढतो. तपांबराच्या माथ्यावर तो कळस गाठतो. त्याच्या वर स्थितांबरात हा उतार उलटा होतो, म्हणून वारा पुन्हा मंदावतो. वाऱ्याचा झोत त्या उंचीच्या पट्ट्यात अडकून राहतो, तो यामुळे.

याला दुसऱ्या बाजूनेही बळ मिळते. विषुववृत्तावरची हवा पृथ्वीबरोबर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने फिरत असते. तिथे वर चढून ती ध्रुवाकडे सरकली की फिरण्याच्या अक्षाच्या जवळ येते, आणि कोनीय संवेग टिकवायचा तर तिला खालच्या जमिनीपेक्षा वेगाने धावावे लागते. कसलाच अडथळा नसता, तर ३० अंश अक्षांशावर हा जादा वेग सेकंदाला १३४ मीटर निघतो. प्रत्यक्षात वादळे आणि आवर्त यातला बराच संवेग पुढे वाटून टाकतात, म्हणून वारा तेवढा होत नाही. जपानच्या भागात मात्र हिवाळ्यात सगळ्याच गोष्टी जुळून येतात. मागे गोठलेला सायबेरिया, पुढे कुरोशिओ या उष्ण सागरी प्रवाहाचे पाणी, आणि उपोष्ण व ध्रुवीय असे वाऱ्याचे दोन झोत एकमेकांजवळ आलेले. ओइशींनी वेधशाळेसाठी जागा मुद्दाम जेट स्ट्रीमखाली निवडली नव्हती, पण जगातला सर्वांत जोरकस हिवाळी झोत नेमका त्यांच्या डोक्यावरून जात होता.

यानंतरचा महत्त्वाचा कागद लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धात, २४ नोव्हेंबर १९४४ ला, सायपान बेटावरून अमेरिकेची १११ बी-२९ बॉम्बफेकी विमाने तोक्योवर निघाली. लक्ष्य होते मुसाशिनो इथला नाकाजिमा कंपनीचा विमान-इंजिनांचा कारखाना. अमेरिकन हवाई दलाच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे की २७ ते ३३ हजार फुटांवर विमानांना १२० नॉटचा वारा लागला आणि जमिनीच्या तुलनेत त्यांचा वेग ताशी ४४५ मैलांपर्यंत गेला. १२० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ मीटर. त्या वेगात नेम धरणे अशक्यप्राय होते, आणि खाली ढगही दाटले होते, हे विसरता कामा नये. कारखान्यावर बॉम्ब टाकू शकली फक्त २४ विमाने. ६४ विमानांनी आपले बॉम्ब गोद्यांवर आणि वस्तीवर टाकले.

मुसाशिनो ते तातेनो हे अंतर सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. वैमानिकांना चकित करणारा वारा अठरा वर्षांपूर्वी तिथल्याच आकाशात मोजून, ऋतुवार लावून छापलेला होता. या अहवालाकडे झालेल्या दुर्लक्षाचा दोष सहसा एस्पेरांतोवर टाकला जातो. ओइशी त्या भाषेचे निष्ठावंत होते, पुढे जपानच्या एस्पेरांतो संस्थेचे अध्यक्षही झाले. जगाने वाचावे म्हणूनच त्यांनी ती भाषा निवडली. वाचक कमी मिळाले, हे खरे. पण मला भाषेचे कारण अपुरे वाटते. १९२६ मध्ये ९ किलोमीटर उंचीवरून कोणी प्रवास करत नव्हते, बॉम्ब टाकत नव्हते. त्या उंचीच्या वाऱ्याची गरज कोणाला पडलीच नव्हती, आणि गरज नसलेला आकडा मायबोलीत छापला तरी कपाटातच राहतो. अमेरिकेत वायली पोस्ट या वैमानिकाने १९३५ मध्ये दाबनियंत्रित पोशाख घालून उंचावरून उड्डाणे केली, तेव्हा मागून आलेल्या वाऱ्याने त्याचे विमान अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने पुढे गेले. त्या नोंदीचेही तेच झाले.

जपानी लष्कराला मात्र गरज पडली. केंद्रीय वेधशाळेतले हवामानशास्त्रज्ञ हिदेतोशी आराकावा यांना विचारण्यात आले की बॉम्ब घेतलेले फुगे प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेपर्यंत जातील का, आणि किती दिवसांत. त्यांनी उपलब्ध वेधांवरून समुद्रावरचे हिवाळी वारे काढले, आणि १९५६ साली या बॉम्बफुग्यांमागची तत्त्वे स्वतः लिहून प्रसिद्धही केली. तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीचा कागद, कोन्याकू कंदाची खळ, साधारण १० मीटर व्यासाचा फुगा. रात्री वायू थंड होऊन फुगा खाली येऊ लागला की दाबमापकाच्या खटक्याने वाळूची पोती सुटत आणि तो पुन्हा झोतात चढे. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात असे सुमारे ९,३०० फुगे सोडले गेले. अमेरिकेत सापडलेल्या पोत्यांतली वाळू भूशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, आणि तिच्यातल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांवरून ती जपानच्या कोणत्या किनाऱ्याची, इथवर ते पोहोचले. ५ मे १९४५ ला ओरेगॉनमधल्या ब्लाय गावाजवळच्या जंगलात जमिनीवर पडलेला असा एक बॉम्ब फुटून एक गर्भवती स्त्री आणि पाच मुले मरण पावली. ती सगळी सहलीला आली होती. वाऱ्याच्या इतिहासात हे मृत्यू तळटीप म्हणून येतात, ते मला पटत नाही.

जंगले पेटवणे हा या फुग्यांचा एक हेतू होता, पण जंगले पेटली नाहीत. इथेही कारण ऋतूचेच आहे. जो वारा फुगे नेतो तो हिवाळ्यात जोरात असतो, आणि हिवाळ्यात अमेरिकेच्या वायव्येकडची जंगले ओली, बर्फाखाली असतात. ती वाळतात तेव्हा वारा पडलेला असतो. ओइशींच्या सरासरींत हिवाळा आणि उन्हाळा शेजारी शेजारी होते.

युद्ध संपल्यावर वरच्या हवेचे वेध मुबलक मिळू लागले. १९४७ साली शिकागो विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागाने मध्य अक्षांशांतल्या वातावरणाच्या अभिसरणावर संयुक्त लेख प्रसिद्ध केला. विभागाचे प्रमुख स्वीडनचे कार्ल-गुस्ताफ रॉस्बी होते, आणि फिनलंडचे एरिक पाल्मेन तिथे काम करत होते. 'जेट स्ट्रीम' हे नाव इथून रुळले, जरी हाइनरिश झाइलकोप्फ यांनी त्याच अर्थाचा जर्मन शब्द १९३९ मध्येच वापरला होता.

तापमानाचा उतार वारा ठरवतो, या नियमाची दुसरी बाजू आपल्याकडे दिसली. १९४९ मध्ये एम. टी. यिन यांनी दाखवले की हिमालयाच्या दक्षिणेने वाहणारा पश्चिमेचा झोत उत्तरेला सरकणे आणि भारतात मान्सून दाखल होणे, यांचा मेळ बसतो. मग १९५८ साली भारतीय हवामान खात्यातल्या पंचेटी कोटेश्वरम यांचा लेख 'टेलस' या नियतकालिकात आला. ते नियतकालिक रॉस्बींनीच सुरू केलेले. कोटेश्वरम यांनी दाखवले की पावसाळ्यात दक्षिण भारतावर, सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून येणारा जेट वाहतो. उन्हाळ्यात तिबेटचे पठार आणि त्याच्या आसपासची हवा तापते, विषुववृत्तावरची हवा त्या मानाने थंड ठरते. उतार उलटला, म्हणून वाराही उलटला. तोच तोल, तेच गणित, फक्त चिन्ह बदललेले. सप्टेंबरनंतर पठार निवू लागले की हा पूर्वेचा झोत विरतो आणि ऑक्टोबरात पश्चिमेचा वारा हिमालयाच्या दक्षिणेला परततो.