दुसऱ्यांदा लावा

साल 1982, शहर मुंबई. मोबाईल बंद करून खिशात ठेवा, इथे त्याला कुणी विचारणार नाही. पैसेही बाहेर काढू नका. तुमच्या नाण्यावर रुपयाचं जे चिन्ह आहे ते ठरायला अजून अठ्ठावीस वर्षं आहेत. फुकटात जेवढं ऐकता येईल तेवढं ऐकायचं आणि परत यायचं, एवढीच मुभा आहे.

जानेवारीपासून गिरण्या बंद आहेत. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेलेत आणि लालबाग-परळचे भोंगे गप्प झालेत. बाकीच्या शहराने मात्र एकच ठेका धरलाय. दोन वर्षांपूर्वी ‘कुर्बानी’त नाझिया हसनचं गाणं गाजलं, गेल्या वर्षी तिची ‘डिस्को दीवाने’ आली, आणि आता टॅक्सीत, इराण्याकडे, लग्नाच्या हॉलमध्ये, जिथे बघाल तिथे डिस्को. बप्पी लाहिरींना तर श्वास घ्यायला फुरसत नाही.

तुम्ही एचएमव्हीच्या स्टुडिओत शिरा. दार जड आहे, जोर लावून ढकला. आत पन्नास-साठ वादकांचा ताफा दिसेल अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती दाराबाहेरच सोडा. व्हायोलिनवाल्यांची रांग नाही, ढोलक नाही, तबलाही नाही. एक माणूस आहे आणि तीन यंत्रं.

माणसाचं नाव चरणजित सिंग. वय चाळिशीच्या पुढे-मागे. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काही येत नसेल, पण त्यांचं वाजवणं तुमच्या कानात केव्हाचं आहे. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं ‘दम मारो दम’ आठवा. शब्द सुरू व्हायच्या आधी जो गूढ, धुरकट सूर रेंगाळतो, तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्ड या वाद्याचा. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्यांकडे त्यांनी वाजवलंय; कधी गिटार, कधी बेस, कधी की-बोर्ड. बायको सुपर्णा यांच्याबरोबर लग्नासमारंभांत त्यांचा ऑर्केस्ट्राही असतो. रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं छापतात. वादक शिफ्ट संपली की पैसे घेऊन घरी जातो.

आज मात्र ते कुणाच्या हाताखाली वाजवायला आलेले नाहीत, म्हणून कोपऱ्यात गप्प उभे राहा आणि टेबलावरची यंत्रं बघून घ्या.

तिन्ही रोलंड या जपानी कंपनीची. सगळ्यात मोठं ज्युपिटर-8, एका वेळी आठ सूर धरणारा सिंथेसायझर. त्याच्या शेजारी टीआर-808, तालाचं यंत्र. खाली लाल, नारिंगी, पिवळ्या आणि पांढऱ्या अशा सोळा बटणांची ओळ. आणि तिसरं अगदी लहानसं, चंदेरी प्लास्टिकचं, वर गोल खुंट्यांची रांग असलेलं टीबी-303. हे त्यांनी सिंगापूरहून आणलंय. तादाओ किकुमोतो नावाच्या इंजिनियरने ते बनवलं, कशासाठी, तर एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. प्रत्यक्षात त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच येत नाही आणि त्यात सूर भरणं म्हणजे डोकेदुखी. कंपनी साधारण दहा हजार नग काढून 1984 मध्ये त्याचं उत्पादन बंद करेल.

नीट बघा, 303 आणि 808 एका केबलने जोडलेली आहेत. दोन कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी मिडी पद्धत यायला अजून वर्ष आहे, पण ही दोन भावंडं एका लयीत चालतात. 303 मध्ये सोळा घरं असतात. प्रत्येक घरात एक सूर टाकायचा. हव्या त्या सुराला जोर देता येतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरताही येतं. सोळा घरं म्हटल्यावर तुम्हाला तीनतालाच्या सोळा मात्रा आठवणारच. फरक इतकाच की इथे खाली नाही. प्रत्येक ठोका भरीव, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

कल्पना त्यांनी घरीच सराव करता करता पक्की केली: सिनेमात एवढा डिस्को चाललाय, तर तबला काढून टाकायचा, डिस्कोचा ठेका ठेवायचा आणि त्यावर राग वाजवायचे. चाली कुणाच्या उसन्या नाहीत. दहा राग, दोन दिवसांचं रेकॉर्डिंग.

आता ऐका. ठेका धावू लागतो. त्याच्या पोटात 303 ची सुरावट फिरते. त्याच त्या सुरांना घासत, कधी डबक्यात दगड पडल्यासारखी ‘डुबुक’ करत, कधी धारदार होत. वर ज्युपिटर-8 वर उजवा हात राग मांडतो, आणि तो हात हिंदुस्थानी संगीतात मुरलेला आहे हे दोन मिनिटांत कळतं. कलावती आणि मालकंस ऐकताना तर हे यंत्र याचसाठी केलं असावं असं वाटतं. पाचच स्वरांचे राग; मोजके सूर पुन्हा पुन्हा फिरवत राहायचे, म्हणजे यंत्राचा हट्ट आणि रागाचा स्वभाव दोन्ही जुळतात.

तोडीला मात्र तुमची भुवई वर जाईल, आणि ती जायलाच हवी. तोडीच्या गंधाराची जी जागा किराणा घराण्याच्या गायकांनी तुमच्या कानात बसवली आहे, ती या पट्ट्यांवर सापडत नाही. पट्टी आहे तिथे आहे. तिला खाली ओढून अतिकोमल करता येत नाही. पेटीवरचा आक्षेप हाच होता. त्यापायी आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला 1971 उजाडलं. म्हणजे ज्या देशात पेटीला तीस वर्षं दाराबाहेर बसवलं, तिथे हा माणूस सिंथेसायझरवर ललत वाजवतोय.

क्रमही बघा. पहिल्या बाजूला पहिलाच राग भैरवी. आपल्याकडे भैरवी सुरू झाली की लोक चपला शोधायला लागतात, आणि इथे मैफल तिथूनच सुरू होते. मग पहाटेचा ललत, त्याला लागून रात्रीच्या पहिल्या प्रहरातला भूप, परत सकाळची तोडी, मग मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी. रागसमयाचं घड्याळ भिंतीवरून काढूनच ठेवलंय.

स्टुडिओतून निघा. पुढचा मुक्काम काळा घोडा, रेकॉर्ड दुकानात आल्यानंतरचा एखादा शनिवार. ऱ्हिदम हाउसमध्ये गर्दी आहे. काउंटरवर मागा, काचेच्या खोलीत बसून ऐकून घेता येतं. कव्हरवर नाव आहे ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. आता दुकानदाराच्या जागी स्वतः उभे राहा आणि सांगा, ही रेकॉर्ड कुठल्या खणात ठेवाल? भीमसेन जोशी आणि किशोरी आमोणकरांच्या शेजारी? तिथला गिऱ्हाईक ‘डिस्को’ शब्द वाचून हात मागे घेईल. नाझियाच्या शेजारी? तिथला पोरगा ‘राग’ वाचून पुढे सरकेल. एक तिसरा खण आहे, हवाईयन गिटार आणि अ‍ॅकॉर्डियनवर वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांचा. चरणजित सिंगांच्या आधीच्या काही रेकॉर्ड तिथल्याच. पण तिथे येणाऱ्याला ओळखीची चाल हवी असते आणि या रेकॉर्डमध्ये ओळखीची एकही चाल नाही.

रेडिओचंही तेच. विविध भारतीला सिनेमाची गाणी हवीत, शास्त्रीय संगीताच्या सभेला घराणं आणि तबला हवा. समीक्षकाने लिहायचं कशाबद्दल? रागाच्या शुद्धतेबद्दल लिहिलं तर ठेका आडवा येतो, ठेक्याबद्दल लिहिलं तर तो लिहिण्याजोगा विषय नाही. शिव्या पडल्या असत्या तरी निदान नाव झालं असतं. या रेकॉर्डच्या वाट्याला शिव्याही आल्या नाहीत. ती खपली नाही, आणि चरणजित सिंग पुन्हा लग्नांच्या ऑर्केस्ट्राकडे आणि सिनेमाच्या शिफ्टकडे वळले.

इथून तुम्हाला थोडं लांब जायचंय. शिकागो, 1980 च्या दशकाचा मध्य. म्युझिक बॉक्स नावाचा क्लब. टीबी-303 आता सेकंडहँड दुकानांत पडत्या भावात मिळतंय, त्यामुळे ते गरीब पोरांच्या हाती लागलंय. डीजे पिअर आणि त्याचे मित्र स्पँकी व हर्ब, फ्युचर नावाचं त्रिकूट, त्या खुंट्या मनाला येतील तशा पिळतात आणि जे निघेल ते टेपवर घेतात. ती टेप ते डीजे रॉन हार्डीला देतात. पुढचा किस्सा त्या शहरात आजही सांगतात. हार्डीने ती लावली आणि नाचणारी माणसं बाजूला झाली. थोड्या वेळाने त्याने ती पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा लावली तेव्हा अख्खा क्लब वेडा झाला. 1987 मध्ये ती ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने निघाली, आणि अ‍ॅसिड हाउस नावाच्या संगीताचा जन्म जग तिथून मोजू लागलं.

यंत्र तेच, सोळा घरंही तीच. पण शिकागोकडे चार वेळा लावणारा एक माणूस होता. मुंबईत तो भेटला नाही.

तो भेटला वीस वर्षांनी. 2002 मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात जुन्या रेकॉर्ड चाळत असलेला एडो बोमन हा डच संग्राहक तुम्हाला दिसेल. हिंदी सिनेमाच्या संगीताचा नादच आहे त्याला. ती रेकॉर्ड त्याच्या हाती लागते, तो ती ऐकतो आणि थक्क होतो. पुढे तो मुंबईत चरणजित सिंगांना गाठतो आणि 2010 मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर रेकॉर्ड पुन्हा काढतो. ती ऐकून युरोपातल्या जाणकारांची पहिली शंका काय, तर ही लबाडी आहे. आजच्याच कुणा पट्टीच्या वादकाने मागची तारीख घालून केलेली थट्टा असावी, असं म्हणत लोकांनी एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचंही नाव घेतलं. शंका फिटल्यावर मथळे आले: अ‍ॅसिड हाउस शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत जन्मलं. सत्तरीतले चरणजित सिंग युरोपातल्या मंचांवर हेच राग वाजवून आले. 2015 च्या जुलैत मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता परत या. आणि तो मथळा जरा बाजूला ठेवा, कारण मला त्याचा राग येतो. एक तर तो खरा नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा कुठलाही पुरावा नाही आणि चरणजित सिंगांनीही आपण नवा प्रकार काढला असा आव आणला नाही. दुसरं म्हणजे त्यात शाबासकी रेकॉर्डला मिळतच नाही, मिळते ती तारखेला. आधी दुर्लक्ष झालं कारण ती कुठल्या खणात बसली नाही. आता कौतुक होतं कारण तिला एक परदेशी खण सापडला. दोन्ही वेळा मधुवंती कशी वाजवली आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

मला ती आवडते त्याची कारणं साधी आहेत. आयुष्यभर दुसऱ्याच्या चालीत दोन-चार सूर भरणारा वादक यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या मनचं वाजवतो. यंत्र त्याला दबून नाही आणि तो यंत्राला दबून नाही. तोडी मला आजही खटकते, दहाही ट्रॅकचा ठेका जवळजवळ एकसारखा आहे हेही मान्य. पण मालकंस लागला की मी हातातलं काम सोडतो. आवडीला एवढं पुरेसं आहे. ती पुढे कुणी खरी ठरवावी, याची वाट बघण्याचं कारण नाही.

अशी एक तरी रेकॉर्ड तुमच्याकडेही असेल. एखाद्या पडलेल्या सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट, एखाद्या नाटकाच्या पदांची तबकडी, कुणा गायिकेचा एकुलता एक अल्बम, ज्याचं नाव काढलं की समोरचा विचारतो, ‘हे कोण?’ त्याला इतिहास ऐकवू नका, आणि ती काळाच्या किती पुढे होती हेही सांगू नका. लावा. त्याने तोंड वाकडं केलं तर चहा होऊ द्या आणि दुसऱ्यांदा लावा.