दातदुखीचं औषध, आणि औषधाचं व्यसन

कोहमाऱ्याहून जाणारा महामार्ग पश्चिमेला नागपूर आणि पूर्वेला रायपूर गाठतो. दातांच्या देशी औषधांचा इतिहास या दोन्ही दिशांना सापडतो.

नागपुरात किराणा दुकान चालवणारे केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले आणि १९५२ साली त्यांनी विको सुरू केली. वज्रदंतीत बाभूळ, लवंग, अक्कलकाढा, म्हणजे आजीच्याच बटव्यातला माल. लवंगेतलं युजेनॉल ठणका खरोखर बधिर करतं. दंतवैद्यही ते वापरत आले आहेत. पण किडीने पडलेला खड्डा त्याने बुजत नाही. होमिओपॅथीत किडक्या दातांवर क्रिओसोटम देतात. त्यानेही बुजल्याचा पुरावा नाही.

पूर्वेला छत्तीसगडात मिळतो गुडाखू: तंबाखू आणि गूळ. आपल्याकडची मशेरी त्याचीच बहीण. दात दुखला की हिरड्यांना चोळायची, जरा बरं वाटायचं. मग दुखणं नसतानाही हात डबीकडे जायचा. घरात विडी ओढणाऱ्या सुनेला बोलणी बसली असती, मशेरीला मात्र कुणी हरकत घेत नसे, कारण ती 'दातांसाठी' होती! यातूनच तोंडाचा कर्करोग होतो. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली.

मशेरी मात्र आजही चुलीवर, घरच्या तव्यावर भाजली जाते.