नुंगंबाक्कम ते पिंपळे सौदागर : ब्रिटिश समाजशास्त्राची एक वाट

ब्रिटिश समाजशास्त्राचा इतिहास सामान्यतः लंडनमध्ये सुरू होतो आणि लंडनमध्येच संपतो. स्पेन्सर, हॉबहाउस, गिन्सबर्ग अशी आचार्यपरंपरा सांगितली की अभ्यासकाचे समाधान होते. परंतु हे शास्त्र ज्या काळात आकारास आले, त्या काळात त्याचे कितीतरी प्रश्न आणि कितीतरी पद्धती हिंदुस्थानच्या भूमीवर पारखल्या जात होत्या. त्या वाटेचा शोध घ्यावयाचा तर मद्रासच्या नुंगंबाक्कमपासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

नुंगंबाक्कम हे मूळचे खेडे. 1708 मध्ये ते अन्य चार गावांसह ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. 1812 मध्ये कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज स्थापन झाले. येथील ‘कॉलेज रोड’ हे नाव त्याचीच आठवण होय. या विद्यालयाशी निगडित असलेल्या फ्रान्सिस व्हाइट एलिसने दक्षिणी भाषांचे एक स्वतंत्र कुल असल्याचे 1816 मध्ये प्रतिपादन केले. कॉल्डवेलचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर चाळीस वर्षांनी आला. समाजाला जाणण्याचा हा राज्यकर्ता प्रयत्न भाषेच्या दारातून झाला, ही गोष्ट भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यांनी विशेषेकरून ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे मात्र भाषेची जागा जातींच्या नोंदींनी आणि खानेसुमारीच्या कोष्टकांनी घेतली. जवळच्याच एग्मोरमधील संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी के. रंगाचारी यांच्या साह्याने दक्षिणेतील जाती-जमातींवर रचलेले सात खंड 1909 मध्ये प्रसिद्ध झाले. कारभाराच्या गरजेतून उपजलेल्या या ज्ञानात माणसे वर्णिली गेली. त्यांचे म्हणणे मात्र क्वचितच ऐकले गेले.

इकडे इंग्लंडात समाजशास्त्राचे स्वरूप अद्याप निश्चित व्हावयाचे होते. 1904 साली लंडनच्या सोशिऑलॉजिकल सोसायटीपुढे दोन निबंध वाचले गेले. फ्रान्सिस गॉल्टन यांनी सुप्रजननाचा पुरस्कार केला, तर पॅट्रिक गेडिस यांनी नागरशास्त्र हेच उपयोजित समाजशास्त्र होय, असे मांडले. नैतिक उत्क्रांतीचा विचार करणारे हॉबहाउस हे तिसऱ्या पक्षाचे होते. चौथा प्रवाह सर्वेक्षणाचा. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या दारिद्र्याची पाहणी सतरा खंडांत पुरी केली होती आणि सीबोम राउंट्री यांचा यॉर्क शहराचा अभ्यास 1901 मध्ये बाहेर आला होता. 1907 मध्ये लंडन विद्यापीठात मार्टिन व्हाइट यांच्या देणगीतून अध्यासन निर्माण झाले तेव्हा ते हॉबहाउस यांच्याकडे गेले. गेडिस यांचा पक्ष त्यांच्या मायदेशी मागे पडला.

हा मागे पडलेला पक्ष हिंदुस्थानात उतरला. गेडिस यांच्या नगररचना-प्रदर्शनाचे साहित्य घेऊन येणारे ‘क्लॅन ग्रँट’ हे जहाज 1914 च्या ऑक्टोबरात जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडविले. हीच नौका त्याआधी महिनाभर मद्रासवर तोफगोळे डागून गेली होती. तरीही नवे साहित्य जमवून 1915 च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरले. शहर पाडून नव्याने बांधू नये, त्याच्या जुन्या वळणाचा आधी अभ्यास करावा, हे गेडिस यांचे सूत्र होते. जुन्या तळ्यांचे रक्षण करावे, असाही त्यांचा आग्रह असे. मद्रासने त्यांचे ऐकले, असे म्हणता येत नाही. नुंगंबाक्कमपासून सैदापेठेपर्यंत पसरलेला मोठा तलाव 1920 नंतरच्या दशकात बुजवून त्यावर त्यागरायनगर वसविण्यात आले, आणि पुढे नुंगंबाक्कमच्या तळ्याच्या जागीच 1976 मध्ये वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले.

सर्वेक्षणाचा प्रवाहही त्याच सुमारास येथे पोहोचला. ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजचे प्राचार्य गिल्बर्ट स्लेटर 1915 मध्ये मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंग्लंडातील सामाईक शेतांना कुंपणे पडून तेथील शेतकरी कसा उखडला गेला, यावर त्यांचा 1907 चा ग्रंथ आहे. तोच प्रश्न मनात धरून त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन खेड्यांत पाठविले. 1918 मध्ये प्रसिद्ध झालेला दक्षिणी खेड्यांचा हा अभ्यास पुढे पी. जे. थॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी त्याच गावांत फिरून नव्याने पडताळला व 1940 मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

महाराष्ट्रात हेच काम हॅरॉल्ड मॅन यांनी केले. राउंट्री यांच्या धर्तीवर त्यांनी बेडफर्डशायरमधील रिजमाँट या खेड्याची पाहणी केली होती. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात आल्यावर त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर हे गाव निवडले. 1917 च्या त्यांच्या पुस्तकातील आकडे प्रसिद्धच आहेत : 156 खातेदारांच्या जमिनीचे 729 तुकडे झाले होते आणि त्यांपैकी 463 तुकडे एकराहून लहान होते. 1918 मध्ये डॉ. आंबेडकरांनी लहान धारणांच्या प्रश्नावर लिहिताना केवळ तुकडे जोडण्याने शेती सुधारणार नाही, भांडवलाचा अभाव आणि जमिनीवर पडलेला रिकाम्या हातांचा भार हे खरे दुखणे होय, असे दाखविले.

येथे एका मराठी ग्रंथाचे स्मरण अवश्य केले पाहिजे. मॅन यांच्या पुस्तकाच्या दोन वर्षे आधी, 1915 मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाले. मॅन यांच्या कोष्टकात जमीन, कर्ज आणि उत्पन्न मोजले जाते. आत्र्यांच्या पानांत वतन, बलुते, मान आणि हक्क बोलतात. बलुतेदाराचा वाटा हा मजुरी नव्हे, दान नव्हे आणि करही नव्हे. इंग्रजी रकान्यात तो कोठे घालावा, हा प्रश्नच आहे. आत्र्यांची दृष्टी इंग्रजी अमलातल्या महसुली शिस्तीत घडलेली होती, आणि फिरस्त्या जमातींविषयी तर ती कठोरच आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. जे त्या गावगाड्याखाली भरडले जात होते त्यांच्या बाजूचा विचार विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अस्पृश्यताविषयक संशोधनात व आंबेडकरांच्या 1916 च्या जातिमीमांसेत आढळतो. जातीचे मर्म आंबेडकरांनी अंतर्विवाहात शोधले. कोणत्याही गणतीने एवढे मूलगामी उत्तर दिले नव्हते.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा गेडिस यांच्याकडे आली. केंब्रिजमध्ये या विषयाचे अध्यासन 1969 पर्यंत नव्हते, हे पाहता मुंबईची ही तत्परता नजरेत भरते. मात्र गेडिस यांचे उत्तराधिकारी, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, वेगळ्या मुशीतून आले. लंडनला हॉबहाउस यांच्याकडे ते रमले नाहीत, केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स यांची कीर्ती मद्रास इलाख्यातील निलगिरीच्या तोडा जमातीवरील 1906 च्या ग्रंथावर उभी होती. म्हणजे जे ज्ञान मद्रासच्या डोंगरातून केंब्रिजला गेले तेच मालवणच्या विद्यार्थ्याबरोबर 1924 मध्ये मुंबईच्या विभागप्रमुखपदी परतले. घुर्यांनी ग्रंथसाधनांवर भर देऊन जात, कुटुंब व धर्म यांचा अभ्यास रुजविला, आणि गेडिस यांचे नागरशास्त्र मागे पडले. खेड्यांची पाहणी बराच काळ अर्थशास्त्रज्ञांकडेच राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश समाजशास्त्राची क्षेत्रे विस्तारली. डेव्हिड ग्लास यांचा सामाजिक गतिशीलतेचा अभ्यास 1954 मध्ये, तर पूर्व लंडनमधील आप्तसंबंधांवरील यंग व विलमॉट यांचे पुस्तक 1957 मध्ये आले. 1964 मध्ये बर्मिंगहॅमला संस्कृति-अभ्यासाचे केंद्र निघाले आणि त्याच शहराच्या एका वस्तीतील वंशसंघर्षावर रेक्स व मूर यांनी 1967 मध्ये लिहिले. वसाहतींतून आलेली माणसे शेजारी राहू लागली तेव्हा वंश हा विषय विलायतेच्या घरचा झाला.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात विलीन झाले आहे आणि नुंगंबाक्कम चेन्नईच्या मध्यभागी आले आहे. दोन्ही गावांचे गावपण गेले. त्यांच्याविषयीचे प्रश्न मात्र परकीय शास्त्राने आपल्या शब्दांत विचारले, आणि आपली विद्यापीठे दीर्घकाळ त्याच शब्दांत उत्तरे देत राहिली. ‘गावगाडा’ समाजशास्त्राच्या मुख्य परंपरेत न वाचता साहित्याच्या कपाटात ठेवला गेला, ही केवळ एका ग्रंथाची उपेक्षा नव्हे. ‘बलुते’ या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द मिळत नाही, तेथे भाषांतरकार अडतो. समाजशास्त्रानेही तेथेच थांबून नवा प्रश्न विचारावयास हवा होता. तो प्रश्न मराठीतून विचारण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.