भिंत नसलेला तुरुंग

आमचं घर तीन पिढ्या विजापुरात, पण मूळ गाव गुणदाळ. कानडी मुलखात पडलेला हा औंध संस्थानाचा तुकडा. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं "आमचे राजे" म्हणत ते औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींना. सूर्यनमस्कारवाले राजे म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. त्यांनी तुरुंगाचं काय केलं, ते मात्र आमच्या मुलांना माहीत नाही, म्हणून हे लिहितोय.

औंध जेमतेम 72 गावांचं. त्यात आटपाडीकडचा भाग म्हणजे पक्का दुष्काळी माणदेश. 1939 साली राजेसाहेबांनी कारभार प्रजेच्या हाती दिला. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर बंगळूरचा कारखाना सोडून तेव्हा औंधात आले होते. त्यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, पण भोवती भिंत नाही. बायकापोरांसह राहायचं, रान कसायचं, आपलं पोट आपण भरायचं.

यातला हिशेब साधा आहे. तुरुंगात खर्च कशावर होतो? भिंत, कुलूप, पहारेकरी आणि भटारखाना. कैदी आत बसून सरकारचं खातो आणि बाहेर त्याची पोरं उपाशी. खुल्या वसाहतीत पहारा कमी लागतो, कैदी कमावता राहतो, घर मोडत नाही. सुटल्यावर जायला घर असलं की माणूस सहसा पुन्हा त्या वाटेला जात नाही. मोठी बचत ती हीच.

1957 साली व्ही. शांतारामांनी यावरूनच 'दो आँखें बारह हाथ' काढला. लिहिला गदिमांनी, तेही माणदेशचेच. 1963 पासून जयपूरजवळ सांगानेरला असंच खुलं शिबिर चालू आहे. तिथले कैदी बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. न्यायमूर्ती मुल्ला समितीनेही 1983 साली खुल्या तुरुंगांची शिफारस केली. तरी देशात असे तुरुंग थोडेच. शिवाय आपल्या तुरुंगांत चारांतले सुमारे तीन जण कच्चे कैदी, त्यांचा खटलाच निकालात निघालेला नसतो. त्यांना ही सोय लागू नाही. खर्च खरंच कमी करायचा तर आधी खटले निकालात काढायला हवेत.

1948 साली औंध विलीन झालं, गुणदाळ पुढे कर्नाटकात गेलं. स्वतंत्रपूर आजही आहे. आटपाडीकडे गेलात तर मुलांना जरूर दाखवा. माणसावर भरवसा टाकणं परवडतं, हे एका गरीब संस्थानानं तिथे करून दाखवलंय.