द्राक्ष व्यवसाय, नासिक जिल्ह्यातील

नासिक जिल्ह्याच्या निफाड, दिंडोरी व नासिक या तालुक्यांत मुख्यत्वे एकवटलेला, बहुतांशी लहान बागाईतदारांचा व्यवसाय. त्यातील महत्त्वाच्या सुधारणा बागाईतदार व बाहेरील संस्था यांच्या सहकार्यातून घडून आल्या.

प्रारंभी येथे भोकरीसारख्या बियांच्या जाती लावीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात नावारूपास आलेल्या थॉम्सन सीडलेस या बिनबियांच्या जातीचा प्रसार झाला. तिचे मणी मोठे व्हावेत म्हणून घड जिब्रेलिक अम्लाच्या द्रावणात बुडविण्याची पद्धत रूढ झाली. या अम्लाचा शोध जपानमध्ये भातावरील एका रोगाच्या अभ्यासातून लागला होता. येथील बागाईतदारांनी मात्र केवळ अनुकरण केले नाही. तासगाव (जि. सांगली) परिसरात त्यांनी थॉम्सनमधूनच तास-ए-गणेश ही जात निवडून काढली आणि ती नासिक भागातही पसरली.

निर्यातीसाठी 1991 मध्ये राज्यातील बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था स्थापन केली. तीस राज्य कृषी पणन मंडळ व राष्ट्रीय सहकार विकास निगम यांचे साहाय्य लाभले. प्रारंभी यूरोपला पाठविलेला माल वाटेतच खराब होई. तोडणीनंतर त्वरित करावयाचे पूर्वशीतकरण व पेटीत ठेवावयाचे गंधक-डायऑक्साइडयुक्त कागद यांचे तंत्र परदेशी तज्ञांकडून आत्मसात केल्यावर समुद्रमार्गे निर्यात शक्य झाली.

कीटकनाशकांच्या अवशेषांमुळे 2003 मध्ये यूरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली. त्यानंतर ‘अपेडा’ व मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी बागवार अवशेष-तपासणी सुरू केली. 2006 पासून ‘ग्रेपनेट’द्वारे प्रत्येक पेटीचा माग मूळ बागेपर्यंत काढता येऊ लागला. तरीही 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे माल अडकून बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले. ग्राहकदेशाचे नियम आधी कळणे हेही तंत्रज्ञानाइतकेच आवश्यक असल्याचे त्यातून दिसून आले.

पुढे मोहाडी (ता. दिंडोरी) येथील सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने इझ्राएलमधील आरा मालिकेच्या जाती परवान्याने आणल्या. 2022 मध्ये तिच्या उपकंपनीत यूरोपीय संस्थांनी सुमारे 310 कोटी रुपये गुंतविले. नव्या जातींमुळे बाजारपेठ विस्तारली. परंतु अशा जातींच्या लागवडीस त्यांच्या स्वामित्वधारकाची अनुमती लागते. त्यामुळे तासगावप्रमाणे बागेतच निवड करून ती मुक्तपणे वाटण्यास वाव उरत नाही.

या सहकार्याचा आणखी एक घटक जिल्ह्याच्या पश्चिमेस आहे. पेठ व सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी, वारली इ. जमातींचे मजूर भात-नागलीचा हंगाम सरल्यावर बागांत येतात. छाटणी, विरळणी, घड बुडविणे व तोडणी ही कामे मुख्यतः त्यांच्या हातांवर चालतात. निर्यातक्षम घड त्यांच्या कौशल्यावर अवलंबून असला, तरी सहकारी संस्था वा उत्पादक कंपनी यांचे सभासदत्व बागाईतदारांपुरते असल्याने नफ्यात त्यांना वाटा मिळत नाही.