प्रेमळ ईश्वर द्वेष करू शकतो का? ख्रिस्ती धर्मातील 'निवडी'चा सिद्धांत आणि आपण

देवळा, कळवण, सटाणा या पट्ट्यात बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती, मुस्लीम तरुण एकाच कॉलेजात शिकतात. धर्मावर चर्चा निघतेच. 'आमचा देव प्रेम आहे' असे ख्रिस्ती मित्र सांगतो, आणि दुसरा कोणीतरी विचारतो, 'मग बायबलात देव द्वेष करतो असे का लिहिले आहे?' अशा वेळी अर्धवट माहितीवर वाद घालण्यापेक्षा विषय नीट समजून घ्यावा, म्हणून ही नोंद आम्ही देत आहोत.

मूळ प्रश्न

योहानाच्या पहिल्या पत्रात देव हाच प्रेम आहे, असे म्हटले आहे. उलट जुन्या करारातील मलाखीच्या पुस्तकात देवाने याकोबावर प्रेम केले आणि एसावाचा द्वेष केला, असे येते. हे दोघे जुळे भाऊ. पौल रोमकरांस पत्रात (अध्याय 9) हाच दाखला घेतो आणि पुढे जातो: मुले जन्मली नव्हती, त्यांनी बरेवाईट काही केले नव्हते, तेव्हाच निवड झाली होती.

ख्रिस्ती अभ्यासकांची उत्तरे

पहिले उत्तर भाषेचे आहे. हिब्रू भाषेत 'द्वेष' हा शब्द अनेकदा 'कमी पसंती' या अर्थाने येतो. उत्पत्तीच्या 29 व्या अध्यायात याकोबाला लेआपेक्षा राहेल अधिक प्रिय होती, असे सांगून लगेच लेआसाठी 'द्वेष' हाच शब्द वापरला आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू आईवडिलांचा द्वेष करण्याविषयी बोलतो; तीच शिकवण मत्तयात 'माझ्यापेक्षा अधिक प्रेम' अशा शब्दांत येते.

दुसरे उत्तर असे, की मलाखीत विषय व्यक्तींचा नसून इस्राएल आणि अदोम या दोन लोकसमूहांचा आहे. तिसरा मुद्दाही प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. त्या समाजात वारसा थोरल्याचा असे, आणि निवडला गेला धाकटा याकोब. म्हणजे जन्माचा मान मोडणे हाही या कथेचा एक अर्थ आहे.

चर्चमधील मतभेद

ऑगस्टिनने (354–430) मांडले की सर्व माणसे पापी आहेत आणि देव केवळ कृपेने काहींना वाचवतो. 529 च्या ऑरेंज येथील परिषदेने कृपेची बाजू घेतली, पण देव कोणाला वाईटासाठी नेमतो हे मत धिक्कारले. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने तारण आणि नाश दोन्ही देवाच्या आधीच्या निर्णयावर सोपवले. आर्मिनियसच्या अनुयायांनी याला विरोध केला. डॉर्टच्या सभेने (1618–19) तो फेटाळला. जॉन वेस्लीने 1739 मध्ये या सिद्धांताविरुद्ध प्रवचन दिले. त्याचा आक्षेप हाच, की असा देव प्रेमळ राहत नाही. विसाव्या शतकात कार्ल बार्थने निवड ख्रिस्ताची आणि त्याच्यात सर्वांची, अशी मांडणी केली.

हे मतभेद आपल्या प्रांतातही आले. मुंबई-पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी 1647 चा वेस्टमिन्स्टर जाहीरनामा मानणाऱ्या परंपरेतले होते. त्यात पूर्वनियोजनाचा सिद्धांत स्पष्ट आहे. नाशिकजवळ शरणपूर वसवणारी चर्च मिशनरी सोसायटी अँग्लिकन होती. त्या चर्चच्या 39 कलमांपैकी 17 वे कलम निवडीवरच आहे. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्ट अशा मंडळ्या एकत्र आल्या. म्हणून 'सगळे ख्रिस्ती असेच मानतात' असे म्हणणे चुकीचे ठरते.

आपली भूमिका

आपल्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. कर्म करण्याआधीच माणसाचे स्थान ठरते, हा अनुभव आपल्या पूर्वजांनी जातीच्या रूपात घेतला. याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात कशी टिकून राहिली, यावर त्यांनी लिहिले आहे. ख्रिस्ती निवड आणि जात एकच नव्हेत. पौलाच्या मते निवडीमुळे जन्माचा अभिमान उरत नाही. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो: ज्याची निवड झाली नाही, त्याचा दोष कोणता?

अंगुत्तर निकायातील तित्थ सुत्तात तथागत तीन मते तपासतात: सर्व काही पूर्वकर्माने होते, सर्व काही ईश्वराच्या निर्मितीने होते, आणि सर्व काही विनाकारण होते. तिन्ही ते नाकारतात. सर्व ईश्वरनिर्मित असेल तर हत्या आणि चोरीही त्याच्याच खात्यात जाते, आणि 'हे करावे, हे करू नये' याला अर्थ उरत नाही. पहिले मतही लक्षात ठेवा. 'गरिबी मागच्या जन्मीचे फळ' असे म्हणणारा बौद्ध तीच चूक करतो.

बाबासाहेबांनी बुद्धांना मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले. मार्ग दाखवणारा कोणाला निवडत नाही आणि कोणाला वगळत नाही; चालायचे ज्याचे त्याने असते. वसल सुत्तही माणूस जन्माने नव्हे तर कर्माने ठरतो, हेच सांगते.

तेव्हा ख्रिस्ती मित्राशी बोलताना त्याचे चर्च काय मानते, हे आधी विचारा. त्याच्या ग्रंथाची थट्टा करू नका. अनेक ठिकाणी तोही जातीमुळेच त्या धर्मात गेलेल्या माणसाचा नातू असतो. प्रश्न मात्र ठामपणे विचारा, आणि तोच प्रश्न स्वतःच्या घरातही विचारा.

जय भीम, नमो बुद्धाय.