इसब (एक्झिमा): कारणे, ओळख आणि काळजी

एक्झिमाला मराठीत इसब म्हणतात, काही जण उकवतही म्हणतात. यात त्वचा कोरडी, लाल होते, खूप खाजते, खाजवून पाणी सुटते. पुढे तिथली कातडी जाड आणि काळपट पडते.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने नाही, एका चटईवर बसल्यानेही नाही. शाळेत अशा मुलाला वेगळं बसवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

कारणे
काहींच्या त्वचेचे आवरण जन्मतःच कमजोर असते, ओलावा टिकत नाही. घरात दमा किंवा सततच्या शिंका असतील तर मुलांना हा त्रास जास्त होतो. बाळाच्या गालावर, मोठ्या मुलाच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत तो दिसतो.

दुसरा प्रकार स्पर्शाने होतो. मार्कंडा-चामोर्शीकडच्या लोकांना जंगलातला बिबा माहीतच आहे. त्याचे तेल लागले की अंग सुजते, फोड येतात. गाजर गवत, सिमेंट, भांड्यांचा साबण, नकली दागिने यांनीही असे होते.

इसब नसेल तर?
गोल, कडेने पसरणारा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर खरूज असू शकते. हे दोन्ही पसरतात. फिकट, न खाजणारा, बधीर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

काळजी
- कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, साबण सौम्य आणि कमी.
- अंग टिपून लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. वजूनंतरही हात-पाय टिपून हेच करा.
- नखे कापा, सुती कपडे घाला.
- बिबा अंगाला लागला तर साबणाने लगेच धुवा. औषध म्हणून बिबा लावूच नका.

मेडिकलमधून आपल्या मनाने ट्यूब आणू नका. अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. गजकर्णावर ते लावले की खाज थांबते, पण बुरशी आतून वाढते. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. इसबावर मात्र डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, तितकेच लावले तर हेच औषध गुणकारी ठरते.

पू, ताप किंवा झोप उडवणारी खाज असेल तर थांबू नका, दवाखान्यात जा. इसब पुन्हा उलटू शकतो, पण काळजी घेतली तर आटोक्यात राहतो.